गव्हाणीखालचा पट्टा

सातव्या माळेच्या संध्याकाळी तुळजाबाई नवऱ्याशी खोटं बोलली. एकच शब्द बोलली, "हाय." त्या शब्दापायी पुढचे दोन दिवस त्रिंबक चुकीच्या वाटा तुडवत राहिला.

निजामाच्या मुलखातलं फसली साल तेराशे वीस संपायला तेरा दिवस उरले होते, त्या दिवशी कुसळवाडीत घट बसले. कुसळवाडी म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावरची साठ उंबऱ्यांची वस्ती. पाटोदा एका अंगाला तीन कोस, मांजरसुंबा दुसऱ्या अंगाला पाच कोस. तुळजाबाईच्या सासरचा घट बावीस वर्षं थोरल्या जावेच्या, छबुबाईच्या हातचा होता. थोरले दीर सुंदरराव वारले, त्या वर्षी घट बसलाच नाही. घट बसवायला सवाष्ण लागते, म्हणून यंदा तो धाकट्या घरी आला. शेतातली काळी माती, पत्रावळीवर पसरलेलं गहू-ज्वारीचं बी, वर मातीचा घट, शेजारी अखंड दिवा. छबुबाई रोज सकाळी यायची, उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला टेकून बसायची आणि आत काय चाललंय ते बघायची. हात लावायची नाही. बोलायची मात्र.

तिसऱ्या माळेला ती बोलली.

"तुळजा, उंबऱ्यावर काय पडलंय बघ."

"राखुंड्या हाय, आक्का."

"राखुंड्या हाय ते दिसतंय मला. गळ्यात काय हाय? मेल्या बैलाचं कातडं. त्रिंबक नऊ दिस पायात जोडा घालीना, अन् हे कुत्रं चामडं घालून देवीपुढं घोरतंय."

"हाकलते."

"हाकल की. लई ऐकतंय तुझं."

राखुंड्या राखेच्या रंगाचा, रुंद छातीचा कुत्रा होता. पुढचे दोन पाय आणि हनुवटी उंबऱ्याच्या आत, बाकीचा देह बाहेर, अशी त्याची झोपायची जागा पाच वर्षं ठरलेली. तुळजाबाईनं त्याला सात वेळा हाकललं. सात वेळा तो ओसरीच्या कडेपर्यंत गेला, तिच्याकडे बघितलं आणि परत येऊन हनुवटी टेकवली.

गळ्यातला पट्टा हे त्रिंबकच्या भीतीवरचं औषध होतं. दोन वर्षांपूर्वी बाजरीच्या राखणीत बिबट्यानं राखुंड्याची मान धरली होती. त्रिंबकनं पेटतं लाकूड घेऊन धाव घेतली, कुत्रा सुटला, जखम भरली. त्रिंबकच्या मनातली भीती मात्र भरून निघाली नाही. शेतात राखुंड्या जरा वेळ भुंकला नाही की तो हाका मारायचा. घरी असला तर जेवता जेवता उठून बाहेर बघून यायचा. शेजारच्या रानातला उत्तरेश्वर चारचौघांत म्हणायचा, "का बे त्रिंबक, कुत्र्याची पत्रिका काढून घे की. साडेसाती असंल." त्रिंबक हसायचा, आणि हसता हसता राखुंड्या कुठं आहे ते नजरेनं शोधायचा.

शेवटी त्यानं गावच्या रामकिसन चांभाराकडून पट्टा शिवून घेतला. बैलाचं दुहेरी कातडं, लोखंडी कडी आणि टोकं बाहेर काढलेले अकरा खिळे. बिबट्या कुत्र्याला मानेला धरतो. पट्टा असला की त्याचंच तोंड फाटतं. तेव्हापासून त्रिंबकला झोप यायला लागली. रोज संध्याकाळी राखणीला निघताना तो पट्ट्याखाली दोन बोटं घालायचा. फार सैल नाही, फार घट्ट नाही, अशी खात्री झाली की राखुंड्याच्या डोक्यावर थाप मारायचा आणि दोघं रानाकडे निघायचे.

पट्टा काढू का, असं त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मग छबुबाईशी दोन शब्द झाले असते, नवऱ्यामागं घटही गेलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ते नऊ दिवसांत नको होतं. तुळजाबाईनं स्वतःशीच वाट काढली. त्रिंबक सकाळी परतून, फराळ करून पुन्हा कामाला गेला की ती कडी सोडायची. पट्टा घरात नको, म्हणून गोठ्यात नेऊन गव्हाणीखाली सरकवायची. दिवेलागणीच्या आधी पुन्हा कुत्र्याच्या गळ्यात घालायची, हात-पाय धुवायची, मग घटाकडे जायची. तिसऱ्या माळेपासून सहाव्या माळेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. चारही संध्याकाळी त्रिंबकच्या दोन बोटांना पट्टा जागेवर सापडला.

सातव्या माळेला घटावर बांधायच्या कडक गोड पुऱ्या, कडाकण्या करायच्या होत्या. गल्लीतल्या पाच बायका आरतीला लवकर आल्या. तुळजाबाईनं दुसऱ्यांदा अंघोळ केली होती, ओल्या केसांनी ती घटावर कडाकण्यांची माळ बांधत होती. पट्टा गव्हाणीखाली होता, हे तिला माळेची दुसरी गाठ मारताना आठवलं. तो घालायचा म्हणजे चामडं हाताळायचं, पुन्हा अंघोळ करायची, बायका ताटकळणार, आणि छबुबाई सगळ्यांदेखत कारण विचारणार.

एवढ्यात गल्लीतून त्रिंबकची हाक आली. त्याच्या डोक्यावर पाटी होती, एका हातानं ती धरलेली, दुसऱ्या हातात विस्तवाचं गाडगं. बोटं घालायला हात मोकळा नव्हता.

"तुळजा, राखुंड्याचा पट्टा नीट हाय का गं?"

"हाय."

"बरं." आणि तो गेला. राखुंड्या शेपूट उडवत त्याच्या पुढं धावला. अंधारात त्याची मान तिला दिसली नाही. तिनंही बघितली नाही.

आरती म्हणताना तिनं मनात हिशेब लावला. दोन वर्षांत बिबट्या पुन्हा आला नाही. एका रात्रीचा प्रश्न आहे. बरोबर आजच कशाला येईल?

सकाळी त्रिंबक एकटाच परत आला.

ओसरीवर बसला, पाणी मागितलं नाही. "दिवस मावळून चार घटका झाल्या असतील," तो म्हणाला. "ओढ्याच्या अंगाला कायतरी हाललं. हे गेलं भुंकत. एकदा केकाटल्यावानी आवाज आला, अन् मग काईच न्हाई. मी गाडग्यातल्या विस्तवावर पलिता पेटवून ओढा पालथा घातला. हाका मारून मारून घसा बसला."

तुळजाबाईच्या हातातला तांब्या कलंडला.

"घाबरू नकू," तोच तिला म्हणाला. "पट्टा हाय ना गळ्यात. बिबट्या असता तर त्याचं तोंड फाटून त्योच केकाटला असता. मला वाटतंय, आवाज राखुंड्याचाच हुता."

पट्टा नव्हता, हे सांगायची ही पहिली वेळ होती. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "रोज हात लावून बघतो, काल न्हाई बघितलं. तुला इचारून गेलो. माझीच चूक. कडी सैल हाय का तेवढं बघायला पायजे होतं." आणि त्यानं आपली दोन बोटं एकमेकांवर घासली, रोज घासायचा तशी. तुळजाबाईनं तोंड मिटलं.

पट्टा गळ्यात आहे असं एकदा धरलं की पुढचं सगळं त्यातूनच निघत होतं. त्रिंबकनं मोठ्यानं बोलत विचार केला. पट्ट्याच्या कुत्र्याला बिबट्या नेत नाही. मग कुत्रा गेला कुठं? काल संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या गाडीवाटेनं गाड्यांचा तांडा गेला होता. पोत्यांच्या राखणीला गाडीवानांना असाच कुत्रा लागतो. अकरा खिळ्यांचा पट्टा बघितला की जनावर तयारीचं आहे हे कुणालाही कळतं. चार माणसांनी घोंगडी टाकून उचललं असेल, केकाटला तो तेव्हाच. गाड्या पाटोद्याला गेल्या असणार, नाहीतर मांजरसुंब्याला.

"आधी काळदऱ्यात बघावं का?" तुळजाबाईनं विचारलं. ओढा पुढं जाऊन ज्या घळईत उतरतो ती काळदरा. बिबट्याची जागा तीच, हे गावातल्या पोरासोरांना माहीत होतं.

"दऱ्यात कशापाई? पट्टा हाय म्हनलं ना." आणि तो पाटोद्याच्या वाटेला लागला. अनवाणी. नऊ दिवस जोडा नाही, हे त्याचं व्रत लहानपणापासूनचं.

तो आठव्या माळेचा दिवस. तुळजाबाईनं दिव्यात तेल घातलं, वात सारली, माळ ओवली. दुपारी राखुंड्याच्या खापरात भाकरी कुस्करून ठेवली आणि कावळे नकोत म्हणून वर पाटी झाकली. थोड्या वेळानं पाटी उचलून बघितली. भाकरी तशीच. पुन्हा झाकली. असं तिनं किती वेळा केलं ते तिलाच कळलं नाही, छबुबाईला कळलं.

"पाटीखाली काय अंडी उबवाया ठिवलीस?"

"न्हाई आक्का."

"येईल गं. कुत्र्याची जात हाय, हिंडतंय कुटंतरी. पट्टा हाय त्याला." छबुबाई थांबली. "का दिवसा काढून ठिवतीस तसा कालबी काढला हुतास?"

छबुबाईला दिवसाचं माहीत होतं. उंबऱ्यावर बसून ती सगळंच बघत होती. तुळजाबाई म्हणाली, "संध्याकाळी घालते की मी." हे खोटं नव्हतं. रोज घालत होती. छबुबाईनं मान हलवली आणि भिंतीला डोकं टेकवलं.

त्रिंबक अंधार पडायच्या बेताला परतला. पाटोद्याला त्यानं दोन्ही बाजारपेठा, तिथला गाडीतळ, नदीकाठ सगळं धुंडाळलं होतं. कचेरीसमोर झाडाखाली लोकांचे अर्ज लिहीत बसलेल्या अर्जनविसालाही कुत्र्याबद्दल विचारलं. त्या म्हाताऱ्यानं चष्मा वर करून म्हटलं होतं, "हुलिया सांगा." त्रिंबकनं सांगितला: राखी रंग, डावा कान दुमडलेला, गळ्यात अकरा खिळ्यांचा पट्टा.

परतताना वाटेत उत्तरेश्वर भेटला, त्याची थट्टा वेगळीच. "निजाम सरकारात अर्जी दे बे. उर्दूत लिव. हुजूर, आमचा राखुंड्या फरार झाला." पण बोलून झाल्यावर उत्तरेश्वरानं स्वतःच्या कमरेची चंची काढून त्याला पान दिलं होतं, आणि रात्रीची राखण आपण बघतो म्हणाला होता.

हे सगळं त्रिंबक पाय पसरून सांगत होता. दिव्याच्या उजेडात तुळजाबाईला त्याचे तळवे दिसले. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. ती सुई घेऊन बसली.

"उद्या मांजरसुंब्याला जातो," तो म्हणाला. "गाड्या तिकडंच गेल्या असतील."

"पाच कोस. असल्या पायांनी?"

"जिवाला घोर लागलाय गं. बसून राहिलो तर येडा हुईन. चालत राहिलं की बरं वाटतं. अन् एक बरं हाय, पट्टा हाय. नसता तर मी आजच आशा सोडली असती."

सुई तिच्या हातात थांबली. सांगायची ही दुसरी वेळ. आत्ता सांगितलं तर तो याच पायांनी, याच अंधारात काळदऱ्यात उतरणार, आणि कुत्र्याच्या जोडीला माणूसही जायचा. हे तिनं स्वतःला कारण म्हणून सांगितलं. कारण खरं होतं. पण तिच्या तोंडाला कुलूप त्या कारणानं लागलेलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय उमटेल, ते तिला बघायचं नव्हतं. तिनं काटा काढला आणि जखमेवर हळद दाबली.

नवव्या माळेच्या पहाटे तो मांजरसुंब्याला गेला. उजाडल्यावर तुळजाबाई दिव्यापुढं बसली. दिवा नीट जळत होता. पत्रावळीतलं बी वीतभर वर आलं होतं, दाट, पिवळसर हिरवं. असा घट बावीस वर्षांत उगवला नाही असं गल्लीतल्या बायका म्हणत होत्या. तिला त्या अंकुरांकडे बघवेना. देवीपुढं चामडं नको म्हणून तिनं जनावराची मान उघडी केली, आणि घट मात्र जोमानं उगवला.

तिनं दिव्यात काठोकाठ तेल ओतलं, पदर खोचला आणि गावाबाहेर म्हाळू धनगराच्या मेंढवाड्यावर गेली. नवरात्रात दिवा एकटा सोडून घरची बाई बाहेर जात नाही.

म्हाळू मेंढ्या सोडायच्या तयारीत होता. "या वैनी. आज घट सोडून इकडं?"

"म्हाळूभावजी, राखुंड्या दोन दिस झाले न्हाई. तुमी काळदऱ्यात बघता का?"

म्हाळूनं काठी खांद्यावरून उतरवली. त्याच्याकडे तीन कुत्री होती, तिघांच्याही गळ्यात खिळे. "त्रिंबकदादा तर म्हनले गाडीवानांनी नेला. एक सांगा, पट्टा हुता का गळ्यात?"

"कावून?"

"कावून म्हंजे? पट्ट्याच्या कुत्र्याला बिबट्या वढून नेत न्हाई. जखमी करतो अन् सोडतो, कुत्रं पान्याला जातं. मग मी वरच्या डोहावर बघीन. पट्टा नसला तर खाली कपारींत बघाया पायजे. दोन्हीकडं बघाया अख्खा दिवस लागंल. जित्ता असला तर तेवढा येळ त्याच्यापाशी न्हाई. सांगा, हुता का?"

दोन दिवसांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच असा विचारला गेला होता, की उत्तरावर पाय कुठं वळणार ते ठरत होतं. खरं तर तो पहिल्यापासून तसाच होता.

"नव्हता," ती म्हणाली. "मीच काढला हुता. घटापाई. अन् मालकांना सांगितलं की हाय."

म्हाळूनं तिच्याकडे बघितलं नाही. कुत्र्यांना शीळ घातली आणि म्हणाला, "मग खाली चला."

कपारी सात-आठ होत्या. पाचव्या कपारीपाशी म्हाळूची कुत्री थांबली. कपारीचं तोंड एवढं अरुंद की बिबट्याचा पंजा जाईल, डोकं जाणार नाही. बाहेर खडकावर नखांचे ओरखडे होते. आत अंधारात काहीतरी राखेच्या रंगाचं पडलेलं होतं. तुळजाबाईनं हाक मारली. बराच वेळ काही झालं नाही. मग शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं.

म्हाळूनं पालथं पडून त्याला पायांना धरून ओढून काढलं. मानेपासून खांद्यापर्यंत कातडं फाटून लोंबत होतं, जखमेवर माश्या बसल्या होत्या. डोळा उघडा होता. म्हाळूनं त्याला घोंगडीत घेतलं. तुळजाबाईनं ओंजळीतून पाणी त्याच्या तोंडाशी धरलं, तर त्यानं पाण्याआधी तिचा हात चाटला. तिनं हात मागं घेतला. तो चाटून घ्यायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. मग परत पुढं केला, कारण पाणी त्याच हातात होतं.

घरी पोचायला मध्यान्ह उलटली. दिवा गेला असणार हे धरूनच ती आली होती. दिवा जळत होता. घटापाशी छबुबाई बसली होती, हातात तेलाची बुधली. यंदा पहिल्यांदाच ती उंबऱ्याच्या आत आली होती.

"बोलू नकू," छबुबाई म्हणाली. "वात फडफडाया लागली. मी हात लावला. पाप लागलं तर मला लागू दे, मला आता आणखी काय लागायचं राहिलंय?" मग तिला घोंगडी दिसली. ती बुधली ठेवून उठली. "अगं बाई. मान बघ त्याची." आणि थोड्या वेळानं, हळू: "पट्टा?"

तुळजाबाईनं नव्हता म्हणून मान हलवली. छबुबाई म्हणाली, "मीच बोलले हुते तुला," आणि हळद वाटायला बसली.

त्रिंबक दिवेलागणीला आला. ओसरीवर राखुंड्या दिसला तसा तो तिथंच गुडघ्यावर बसला. कुत्र्याच्या डोक्याला डोकं लावून किती वेळ राहिला कुणास ठाऊक. म्हाळू खांबाला टेकून उभा होता.

"कुटं घावला?"

"काळदऱ्यात. कपारीत."

"बिबट्याच म्हना की." त्रिंबकनं फाटलेल्या मानेवरून हळूच बोट फिरवलं. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "बघितलंस म्हाळू? मानेला धरला, पट्ट्यानं तोंड फाटलं, हिसका मारला, पट्टा तुटला अन् ह्यो निसटला. पट्ट्यानंच वाचिवला! नसता तर जागीच गेला असता."

म्हाळूनं तुळजाबाईकडे बघितलं. छबुबाईनं वरवंट्याकडे बघितलं. म्हाळू म्हणाला, "मी निघतो, मेंढरं खोळंबली," आणि गेला.

आता सांगायची गरजच उरली नव्हती. कुत्रा घरी होता, नवरा खूश होता, खोट्याला स्वतःचे पाय फुटून ते उभं राहिलं होतं. तुळजाबाईनं नुसतं गप्प बसायचं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. नवव्या माळेचा उपास आहे असं सगळ्यांना वाटलं.

दसऱ्याला सकाळी अंगणात शेताची अवजारं मांडली. नांगर, पाभर, विळे, कुऱ्हाड, विहिरीवरची मोट. त्रिंबक एकेकाला हळदकुंकू लावत होता. राखुंड्या ओसरीवर पोत्यावर पडून बघत होता. गावात बातमी पसरली होती आणि ज्याला जे हवं ते त्यानं घेतलं होतं. उत्तरेश्वरानं पारावर म्हटलं होतं, "रामकिसनची शिवण बिबट्याच्या एका हिसक्यात उसवली. आता त्याच्याकडून जोडा घेताना बिबट्या दाखवून घ्या."

रामकिसन अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, वाकलेला माणूस. आपट्याची पानं त्याच्या हातात होती. त्यानं ती दिली आणि तरीही गेला नाही.

"त्रिंबकआण्णा, कुत्रं बरं हाय?"

"खाया लागलंय. तुझ्या पट्ट्याची किरपा, रामकिसन. तुला पागोटं बांधणार हाय मी."

"पागोटं नगं. येक काम करा. पट्टा दऱ्यात घावला तर मला आनून द्या. कुटं उसवलाय ते मला बघायचं हाय. कातड्याची दुहेरी वादी हुती. माझ्या बापानं शिकिवलेली शिवण. ती हिसक्यानं जात न्हाई, आण्णा. गेली असंल तर माझा हात गेला म्हनायचा."

"आरं, लोक बोलतात, ते मनावर नको घेऊस. बिबट्यापुढं काय टिकंल?"

"ती टिकती," रामकिसन म्हणाला. आवाज चढला नव्हता.

"बरं. पूजा उरकली की मी दऱ्यात जाऊन बघतो. घावलाच तर ह्या अवजारांत ठिवीन, त्याचाबी मान हाय."

तुळजाबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. पहिल्या दिवशी खोटं एका कुत्र्यापुरतं होतं. मग ते त्रिंबकच्या तळव्यात शिरलं. आता ते रामकिसनच्या हातात गेलं होतं, आणि घटकाभरानं त्रिंबकला काळदऱ्यात नेणार होतं. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, अंगण ओलांडून गोठ्यात गेली, गव्हाणीखाली हात घातला. पट्ट्याला गवताची कुसळं चिकटली होती. तिनं ती झाडली. बाहेर येऊन पट्टा मोटेशेजारी ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

अकरा खिळे होते. कडी जागेवर होती. शिवणीचा एक टाकाही हलला नव्हता.

रामकिसननं आधी बघितलं. खाली वाकला, हात मात्र लावला नाही. वाकल्या वाकल्या त्याच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. मग त्यानं तुळजाबाईकडे, त्रिंबककडे बघितलं, डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि अंगणातून निघून गेला.

त्रिंबकच्या बोटांवर हळद होती. "ह्यो कुटं हुता?"

"गव्हाणीखाली."

"कवापासून?"

"सातव्या माळेला सकाळी काढला. चामडं घटापुढं नको म्हनून. त्याच्या आधीचे चार दिसबी काढत हुते, पन संध्याकाळी घालत हुते. त्या दिवशी ऱ्हायला. तुमी इचारलं, मी हाय म्हनले."

"मी पाटोद्याला गेलतो," तो सावकाश म्हणाला. "मांजरसुंब्याला गेलतो."

"व्हय."

"तवा ह्यो कपारीत पडला हुता."

"व्हय."

छबुबाई भिंतीपाशी उठून उभी राहिली. "त्रिंबक, चामड्याचं मी..."

"आक्का, तुमी चामड्याचं बोललात. 'हाय' तुमी न्हाई म्हनलात." त्यानं समोरच्या मोटेकडे बघितलं. तीही कातड्याचीच होती. कुंकवाची पाच बोटं तिच्यावर त्यानं आत्ताच उठवली होती. त्यानं तुळजाबाईवर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. उरलेल्या हळदीचं एक बोट पट्ट्याला लावलं, एक मोटेला, आणि हात धुवायला विहिरीकडे गेला. त्या दिवशी दुपारी तो जेवला. वाढताना तिनं विचारलं, "आणखी भाकरी?" तो म्हणाला, "नको." पंधरा दिवस त्यांचं बोलणं एवढंच राहिलं.

राखुंड्याची जखम दिवाळीनंतर भरली. मानेवर केस आले नाहीत, गुलाबी पट्टी राहिली. तोपर्यंत तो रात्री घरीच झोपायचा, उंबऱ्यावर, हनुवटी आत टाकून. आणि तुळजाबाई झोपेतून उठून त्याचा श्वास चालू आहे का ते बघायची. त्रिंबकचा जुना घोर आता तिच्या वाट्याला आला होता. पट्ट्यानं तो जाईल असं तिला वाटत नव्हतं.

ज्वारी पोटऱ्यात आली तशी राखण पुन्हा सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी त्रिंबकनं खुंटीवरचा पट्टा काढला, आणि तिच्यापुढं धरला.

"तू घाल."

तिनं घातला. जखमेच्या पट्टीला लागू नये म्हणून पट्टा एका भोकानं सैल ठेवला, कडी लावली. दोन बोटं घालून बघितली. पुन्हा घालून बघितली. तोवर त्रिंबक पाटी डोक्यावर घेऊन, विस्तवाचं गाडगं हातात घेऊन गल्लीत पोचला होता. तिथून त्यानं मागं न बघता विचारलं. मुद्दाम विचारलं की सवयीनं, ते तिला कधीच कळलं नाही.

"पट्टा नीट हाय का गं?"

पट्टा नीट होता. तिची बोटं अजून त्याच्या खालीच होती. तरी तो शब्द तिच्या तोंडातून निघेना.

"माघारी या," ती म्हणाली. "अन् तुमीच हात लावून बघा."

तो थांबला. गाडगं खाली ठेवलं, मग पाटी उतरवून ठेवली, आणि परत आला.